समुपदेशनाचा अहवाल उत्तम आला, पण कार्यक्रम उपयोगी पडला का?

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ६२० माणसे आहेत, त्यांपैकी ३८० कायम आणि २४० कंत्राटी. ओतकाम आणि फेटलिंग (ओतलेल्या भागांची घासून साफसफाई) गोकुळ शिरगावला होते, मशीन शॉप कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आहे. दोन वर्षांपासून बाहेरच्या एका संस्थेमार्फत कर्मचारी साहाय्य कार्यक्रम चालू आहे. त्यात फोनवरून सल्ला, आठवड्यातून एकदा समुपदेशकाची भेट आणि व्यसनमुक्तीसाठी मदत मिळते. त्याखेरीज कंपनीने स्वतः पाळणाघर आणि पाळी आपसात बदलून घेण्याची सवलत सुरू केली आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालात वापर ११ टक्के, समाधान ९४ टक्के आणि खर्चाच्या पाचपट परतावा असे आकडे आहेत. ‘पाचपट परत आले असतील, तर ते ताळेबंदात का दिसत नाहीत?’ असे मालकांनी विचारले आहे. कराराची मुदत मार्चमध्ये संपते आहे आणि हा सगळा खटाटोप परिणामकारक आहे की नाही हे कसे ठरवावे, असा अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे.

मालकांचा प्रश्न रास्त आहे. आपण पाठवलेल्या अहवालावरून कार्यक्रम उपयोगी आहे हे सिद्ध होत नाही, आणि निरुपयोगी आहे हेही सिद्ध होत नाही. त्या अहवालातून एवढेच कळते की वर्षभरात काही माणसे आली, काही फोन झाले आणि काहींनी बरे शेरे दिले. परिणाम म्हणायचा तर तुलना लागते. कार्यक्रम नसता तर याच माणसांचे, याच काळात काय झाले असते, याचा काहीतरी अंदाज हाती असल्याशिवाय कोणत्याही टक्केवारीला अर्थ येत नाही. पुढचे सगळे उत्तर याच एका मुद्द्याभोवती आहे, कारण या क्षेत्रातले बहुतेक अहवाल नेमके तिथेच लंगडे असतात.

आधी ११ टक्क्यांकडे पाहू. परिशिष्टातल्या तक्त्यानुसार ‘लाभार्थी’ ६८ आहेत आणि ६२० ने भागल्यावर ११ टक्के येतात, हे गणित बरोबर आहे. परंतु त्या ६८ पैकी ४१ जण कॅन्टीनमध्ये झालेल्या ताणतणावाच्या एका व्याख्यानाला बसले होते. पाळी संपल्यावर सुपरवायझरने बसायला सांगितले म्हणून बसलेल्या माणसाला लाभार्थी म्हणणे मला पटत नाही. समुपदेशकाशी प्रत्यक्ष बोललेले २७ उरतात, म्हणजे ४.४ टक्के. आता भाजकाकडे पाहा. आपणच लिहिले आहे की माहितीचे कार्ड पगारपत्रकाबरोबर दिले गेले. कंत्राटी माणसांचे पगारपत्रक कंत्राटदाराकडून निघते, म्हणजे त्या २४० जणांच्या हाती कार्ड पडलेच नसणार. ज्यांना सेवा आहे हेच ठाऊक नव्हते, त्यांना वगळून ३८० ने भागले तर हेच २७ जण ७.१ टक्के होतात. ११, ४.४, ७.१, यांपैकी कोणता आकडा खरा हा वाद घालण्यात हशील नाही. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते अहवालात लिहिलेले असायला हवे. आणि फेटलिंगला उभा राहणारा बहुसंख्य कामगार कंत्राटी असताना तोच कार्यक्रमाबाहेर राहिला, ही बाब टक्केवारीपेक्षा कितीतरी मोठी आहे. मूल्यमापनातून निघालेला पहिला निष्कर्ष म्हणून मी तीच मालकांपुढे ठेवीन.

समाधानाच्या ९४ टक्क्यांबद्दल फार लिहायला नको. फॉर्म भरून देणारे १७ आणि त्यांतले समाधानी १६. उरलेल्या दहा जणांनी फॉर्म का भरला नाही, हे कोणी विचारलेले नाही, आणि पहिल्या भेटीनंतर पुन्हा न आलेले बहुधा त्यांतच असतील. शिवाय आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाला वाईट शेरा देणे आपल्याकडे कोणाच्या जिवावर येत नाही? समाधान मोजावे, पण ते सेवेच्या वागणुकीचे माप आहे, परिणामाचे नाही.

पाचपट परताव्याची मांडणी मात्र सविस्तर उलगडून पाहण्यासारखी आहे, कारण मालकांचा विश्वास उडाला तो याच आकड्यामुळे. संस्थेने पहिल्या भेटीत प्रत्येकाला विचारले की गेल्या महिन्यात अडचणीमुळे तुमचे कामाचे किती तास वाया गेले, आणि सरासरी उत्तर ३० तास आले. तीन महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हा १२ जण सापडले आणि त्यांची सरासरी १२ तास आली. फरक १८ तास. मग हे १८ तास सर्व २७ जणांना लावले, वर्षाच्या १२ महिन्यांनी गुणले, तेव्हा ५,८३२ तास झाले. तासाला १५० रुपये धरून ८ लाख ७४ हजार ८०० रुपये झाले आणि १ लाख ७५ हजार रुपयांच्या खर्चाने भागल्यावर जवळजवळ पाच आले.

आता याच आकडेमोडीत तीन गृहीतके बदलून पाहा. न सापडलेल्या १५ जणांच्या नावावर काहीही जमा करू नका. सुधारणेपैकी अर्धी आपोआपच झाली असती असे धरा. आणि परिणाम वर्षभर नव्हे, तर मोजला तेवढेच तीन महिने टिकला असे माना. तेव्हा ९ तास गुणिले १२ माणसे गुणिले ३ महिने म्हणजे ३२४ तास, म्हणजे ४८ हजार ६०० रुपये होतात. खर्चाच्या जेमतेम २८ टक्के. माझा आकडा खरा आणि संस्थेचा खोटा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एकाच माहितीवरून पाचपटही येते आणि पावपटही येते, याचा अर्थ उत्तर माहितीतून आलेले नसून गृहीतकांतून आलेले आहे. मालकांसमोर असा आकडा ठेवायचाच असेल तर गृहीतकांसह ठेवावा, आणि खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा द्याव्यात.

शिवाय वाचलेला तास म्हणजे वाचलेला रुपया नव्हे. मोल्डिंग लाइनवरचा माणूस आला नाही तर लाइन थांबत नाही. बदली माणूस उभा राहतो किंवा आधीच्या पाळीतल्याला थांबवले जाते, आणि त्याला कायद्याप्रमाणे दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. नवखा माणूस उभा राहिला तर त्या दिवशी रिजेक्शन वाढते. कार्यालयातला कारकून दोन तास हरवून बसला तर त्याचे काम दुसऱ्या दिवशी उरकते, कंपनीच्या खिशाला तोशीस लागत नाही. भट्टीवरचा अनुभवी माणूस अचानक गैरहजर राहिला तर आख्खी हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला सगळा धातू, बिघडू शकते. तेव्हा गैरहजेरीची किंमत सरसकट तासाच्या दराने न लावता, त्या-त्या विभागात गैरहजेरी भरून काढण्यासाठी कारखाना प्रत्यक्षात काय करतो, त्यावरून लावावी. ओव्हरटाइमचे रजिस्टर आणि रोजचा रिजेक्शन तक्ता आपल्याकडे आहेच. मालकांना ताळेबंदात काही दिसायचे असेल तर ते इथे दिसेल.

‘अर्धी सुधारणा आपोआप’ हे मी मनाने घातलेले नाही, हेही सांगायला हवे. माणूस समुपदेशकाकडे येतो तो त्याच्या सगळ्यांत वाईट आठवड्यात येतो, घरात भांडण विकोपाला गेले, झोप उडाली, सावकार दारात आला, तेव्हा. त्यानंतरचे दिवस, काही केले नाही तरी, बहुधा त्याहून बरे असतात. पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडल्यावर कोणी नदीची ओटी भरली आणि आठवड्याने पूर ओसरला, तर ओटीला श्रेय देणाऱ्याशी कोणी वाद घालत नाही, पण पाटबंधारे खाते आपला अहवाल तसा लिहीत नाही. पहिल्या भेटीचा आणि नंतरचा आकडा एवढेच ज्यात असते, अशा प्रत्येक अहवालात ही ओसरण परिणाम म्हणून मोजली जाते. अलीकडच्या संशोधनात यासाठी ताण तेवढाच असलेली, परंतु सेवा न घेतलेली माणसे तुलनेला घेतात. तशी तुलना केली की सुधारणा बहुधा आटते. जी उरते तीच कार्यक्रमाची.

दुसरी अडचण स्वतःहून येणाऱ्यांची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये कर्मचारी आरोग्य कार्यक्रमाची एक मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांना आमंत्रण गेले, जवळपास ५ हजारांनी नावे दिली, आणि त्यांतून कोणाला कार्यक्रम मिळणार हे चिठ्ठीने ठरले. नेहमीच्या पद्धतीने भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली तेव्हा भाग घेणारे निरोगी आणि कमी खर्चाचे दिसले. चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांची तुलना केली तेव्हा वैद्यकीय खर्च, सवयी आणि उत्पादकता यांत ठळक फरक उरला नाही. जे मुळातच धडधाकट, तेच नाव देतात, एवढेच त्यातून दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत एका घाऊक विक्रीच्या दुकानसाखळीच्या १६० शाखांतून चिठ्ठीने निवडलेल्या शाखांत कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने तिथले लोक ‘आम्ही व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असे जास्त प्रमाणात सांगत होते, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि औषधोपचाराचा खर्च यांत फरक नव्हता. या दोन्ही चाचण्या आरोग्य कार्यक्रमांच्या आहेत, समुपदेशनाच्या नव्हेत. त्यावरून समुपदेशन व्यर्थ असा निष्कर्ष काढणे चूक होईल. तोंडी सांगितलेली सुधारणा आणि नोंदींतली सुधारणा या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढी सावधगिरी मात्र त्यांतून जरूर घ्यावी.

मग आपल्या कारखान्यात तुलना आणायची कशी? अडचणीतल्या माणसाला ‘तुमची चिठ्ठी निघाली नाही, सहा महिन्यांनी या’ असे सांगणे कोणालाही शोभणार नाही, आणि तसे करायची गरजही नाही. सेवा सर्वांना खुली ठेवावी, आणि तिच्याकडे माणूस पोहोचवण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने वाढवावेत. सुपरवायझरने कामगाराची घसरण ओळखणे, त्याच्याशी चारचौघांत न बोलता बाजूला बोलणे आणि त्याला नंबर देणे, याचे प्रशिक्षण हा या कार्यक्रमाचा कणा असतो. मोल्डिंग, कोअर, भट्टी, फेटलिंग, देखभाल आणि कागलचे मशीन शॉप अशा विभागांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हे प्रशिक्षण एप्रिलमध्ये आणि उरलेल्यांना ऑक्टोबरमध्ये द्यावे. मधले सहा महिने आपोआप तुलनेचे होतात. पाळीनुसार गट पाडू नयेत, कारण पाळ्या फिरतात आणि माणसे मिसळतात. विभागानुसार पाडले तरी चहाच्या टपरीवर गोष्टी इकडून तिकडे जाणारच, त्यामुळे दिसणारा फरक खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसेल. तो दोष पत्करण्याजोगा आहे. पाळी बदलण्याची सवलत, पाळीपत्रक दोन आठवडे आधी लावणे, असल्या गोष्टींना तर हीच पद्धत अगदी सहज लागू पडते.

सहाशे माणसांत लहानसा फरक आकड्यांनी पकडता येणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवावे. सेवा घेतलेल्या २७ जणांत एकाला कावीळ झाली आणि तो ४० दिवस रजेवर गेला, तर एकट्या त्याच्यामुळे गटाची सरासरी दीड दिवसाने सरकते. अशा ठिकाणी सरासरीपेक्षा मधल्या क्रमांकाच्या माणसाचा आकडा घेणे बरे, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या नोंदी एकत्र पाहणे त्याहून बरे.

गैरहजेरीच्या नोंदी वाचताना कोल्हापूरचे कॅलेंडर हाती असावे लागते. जून-जुलैत रोप लावणीला, चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आणि गळीत हंगामात ऊस तुटायला आला की आसपासच्या गावांतला कामगार दांडी मारतोच, कारण तो अर्धा शेतकरी आहे. उत्तरेकडचा कंत्राटी कामगार होळीला आणि छठला गावी जातो. त्यामुळे मे महिन्याची जुलैशी तुलना करून कार्यक्रमाला दोष देणे किंवा डिसेंबरची पुढच्या मेशी तुलना करून श्रेय देणे, दोन्ही फोल आहे. जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करावी. आणि २०१९ व २०२१ सारखी पुराची वर्षे पायाभूत वर्ष म्हणून धरू नयेत. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, तेव्हा पंचगंगेपलीकडून येणाऱ्या माणसाची गैरहजेरी त्याच्या मनःस्थितीबद्दल काही सांगत नाही. गाड्यांच्या कंपन्यांची मागणी वाढली की टनेज, म्हणजे ओतलेल्या मालाचे वजन, वाढते, ओव्हरटाइम वाढतो आणि पुढच्या महिन्यात आजारपणाच्या रजा वाढतात. म्हणून गैरहजेरीच्या तक्त्याशेजारी टनेजचा रकाना हवाच.

नोंदींपैकी कोणत्या पाहाव्यात? एकूण गैरहजेरीपेक्षा न कळवता झालेली गैरहजेरी, आणि त्यातही पगारानंतरच्या व साप्ताहिक सुट्टीनंतरच्या दिवसाची, हे दारूच्या प्रश्नाचे बऱ्यापैकी विश्वासार्ह माप आहे. या कार्यक्रमांचा उगमच १९४० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांनी दारू पिणाऱ्या कामगारांसाठी सुरू केलेल्या उपक्रमांत आहे, तेव्हा हे माप या क्षेत्राइतकेच जुने आहे. फक्त व्यसनमुक्तीचा निकाल तीन महिन्यांत मागू नये. घसरणे हा बरे होण्याच्या वाटेवरचा नेहमीचा भाग आहे, त्यामुळे किमान वर्षभर पाहावे. दुसरी नोंद पगारावरच्या उचलीची. एकच माणूस वर्षात किती वेळा उचल मागतो आणि पतसंस्थांची पगारातून वसुलीची पत्रे किती येतात, यावरून घरगुती कर्जाचा ताण जेवढा कळतो तेवढा कोणत्याही प्रश्नावलीतून कळत नाही. माझ्या अनुभवात आपल्या भागातील कामगाराच्या ‘टेन्शन’च्या मुळाशी फार वेळा भिशी, हातउसने किंवा मोबाइलवरचे कर्ज निघते. समुपदेशकाला कर्जाच्या फेररचनेबद्दल दोन शब्द सांगता येत नसतील तर नुसत्या श्वसनाच्या व्यायामांनी तो किती पुरणार, हा प्रश्न संस्थेला जरूर विचारावा. तिसरी नोंद किरकोळ अपघातांची, प्रथमोपचार पेटीशेजारच्या वहीतली.

यातली प्रत्येक नोंद कोणत्या दिशेने सरकायला हवी, हे सुरुवातीलाच लिहून, सही करून ठेवावे. विश्वास बसू लागला की पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, आजारपणाच्या रजाही वाढतात, कारण आतापर्यंत लपवून काम करणारा माणूस डॉक्टरकडे जाऊ लागतो. हे आधी लिहिलेले नसेल, तर वाढ झाल्यावर एक पक्ष तिला यश म्हणतो, दुसरा अपयश, आणि दोघांनाही खोडून काढता येत नाही.

प्रश्नावली वापरायचीच असेल तर नवी बनवू नये. कर्मचारी साहाय्य कार्यक्रमांसाठी ‘वर्कप्लेस आउटकम सूट’ नावाचे माप बरेच वापरले जाते. त्याच्या छोट्या आवृत्तीत पाचच प्रश्न आहेत: गैरहजेरी, हजर असूनही काम न होणे, कामातला रस, आयुष्याबद्दलचे समाधान आणि कामाच्या ठिकाणी जाण्याची धास्ती. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आणि दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ (AUDIT) नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली ही मापे सर्वमान्य आहेत. पीएचक्यू-९ मध्ये ० ते २७ गुण असतात, १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर काळजी घ्यावी असा संकेत आहे आणि साधारण ५ गुणांची घट अर्थपूर्ण मानतात. परंतु पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी सर्वेक्षणात तो विचारला आणि कोणी ‘रोज’ या चौकटीत खूण केली, तर त्या माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून निनावी सर्वेक्षणात तो प्रश्न वगळून आठ प्रश्नांची आवृत्ती वापरावी. समुपदेशकाच्या खोलीत पूर्ण प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर उत्तर त्याच दिवशी वाचले जाईल आणि पुढे कोणाला फोन करायचा हे ठरलेले असेल, याची लेखी व्यवस्था हवी. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे, तो क्रमांक प्रत्येक फॉर्मच्या तळाशी छापावा.

भाषेच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. पुस्तकी मराठीत ‘निरुत्साह जाणवतो का’ असे विचारले तर फेटलिंगचा माणूस मान हलवून पुढे जाईल. ‘कामावर यायला नको वाटतं का’ असे विचारले तर थांबून उत्तर देईल. पाच-सहा जणांकडून आधी वाचून घ्यावे, हिंदी प्रत वेगळी करावी, आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवणारा माणूस कंत्राटदाराचा मुकादम नसावा.

खरे तर एवढे सगळे करण्याआधी एका दुपारी होणारे एक काम आहे. हजेरीपटावरून चिठ्ठीने तीस माणसे निवडा आणि त्यांना तीन गोष्टी विचारा: अडचण आली तर फोन कुठे करायचा हे माहीत आहे का, समुपदेशक कुठे बसतो हे माहीत आहे का, आणि तिथे गेलो तर साहेबांना कळेल असे वाटते का. तिसऱ्या प्रश्नाला निम्म्यांनी ‘हो’ म्हटले, तर परिणाम मोजण्याची घाई करू नका, कारण मोजण्याजोगे अजून काही सुरूच झालेले नाही.

गोपनीयतेची अडचण आपल्याकडे कागदावरच्या कलमांनी सुटत नाही. कणेरी, कंदलगाव, उजळाईवाडीची माणसे एकाच कारखान्यात, एकाच भावकीतली, एकाच बसथांब्यावर उतरणारी. एका कारखान्यात मी असे पाहिले आहे की समुपदेशक टाइम ऑफिसशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसत आणि पाळी चालू असताना त्यांच्याकडे जायचे तर गेट पासवर कारण लिहावे लागे. सुरक्षारक्षकाच्या वहीत ‘समुपदेशन’ हा शब्द सर्वांना वाचता येईल असा लिहिलेला होता. तिथला वापर कमी आहे म्हणून व्यवस्थापनाने कामगारांत जागृती नाही असा निष्कर्ष काढला होता. आपल्याकडे पासवर काय लिहिले जाते, ते आधी पाहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. तेव्हा संस्थेकडून नावे मागू नयेत, आणि मालकांनी सहज म्हणून विचारली तरी देऊ नयेत. दहापेक्षा लहान गटाचा कोणताही आकडा अहवालात येऊ नये. ‘कोअर शॉप, महिला, ३’ असा रकाना छापला की त्या तिघी कोण हे दुपारच्या जेवणापर्यंत सर्वांना कळते. हजेरीच्या नोंदी आणि समुपदेशनाच्या नोंदी जुळवायच्याच असतील, तर ते काम तिऱ्हाईताने सांकेतिक क्रमांकांवर करावे. कोल्हापुरातील ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेसारख्या इथल्या संस्थेतील समाजकार्य विभागाला ते सोपवता येईल, मात्र आपल्याच कारखान्यात क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थी त्यात नसावेत.

पाळणाघर आणि पाळी बदलाची सवलत यांचे मूल्यमापन वेगळे करावे. समुपदेशनाच्या खर्चात आणि परिणामात ते मिसळू नये. इथे प्रश्न सोपे आहेत आणि उत्तरे नोंदींत आहेत. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या महिलांपैकी वर्षभराने किती पटावर आहेत आणि पाळणाघर सुरू होण्याआधी किती राहत होत्या? सहा वर्षांखालील मूल असलेल्यांपैकी कितीजणी मूल तिथे ठेवतात, आणि ज्या ठेवत नाहीत त्या का ठेवत नाहीत? बहुतेक वेळा उत्तर पाळणाघराच्या दर्जात नसते. पहिली पाळी सकाळी सातला आणि पाळणाघर नऊला उघडते, असल्या गोष्टीत ते असते. पाळी बदलाचे अर्ज किती आले यापेक्षा किती नाकारले, आणि ते कोणत्या सुपरवायझरने नाकारले, हे पाहावे. एकाच धोरणाखाली एका विभागात दहापैकी नऊ अर्ज मंजूर होतात आणि शेजारच्या विभागात दोन, तेव्हा कामगाराच्या दृष्टीने तिथे ते धोरण अस्तित्वातच नसते. ओव्हरटाइम पाळी संपायला अर्धा तास असताना किती वेळा सांगितला गेला, हीही नोंद ठेवावी. घरच्या घडीवर पाळणाघराच्या अभावाइतकाच अशा ऐनवेळच्या ओव्हरटाइमचा परिणाम होतो.

एक गोष्ट मूल्यमापनातून हमखास सुटते. समुपदेशकाकडे आलेल्यांनी काय सांगितले, त्यातून नाव न घेता कारखान्यापर्यंत काय पोहोचले, आणि कारखान्याने त्यावर काय केले? अमेरिकेतील हॉथॉर्नच्या कारखान्यात १९३६ पासून सुमारे वीस वर्षे समुपदेशक नेमलेले होते. त्यांनी ऐकावे, पण व्यवस्थापनाकडे काही मांडू नये, अशी रचना होती. कामगारांच्या खऱ्या तक्रारींना मनाचे विकार ठरवले जाते, अशी टीका त्या उपक्रमावर झाली, आणि मला ती योग्य वाटते. सलग दोन आठवडे रात्रपाळी लावून झोप उडालेल्या माणसाला झोपेचे तंत्र शिकवायला पाठवणे हा साहाय्य कार्यक्रम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही कामाच्या रचनेतले बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांना व्यक्तीवरच्या उपायांबरोबरीचे स्थान आहे. म्हणून दर तिमाहीला संस्थेने वारंवार येणारे तीन विषय लेखी द्यावेत, आणि त्यांपैकी किती विषयांवर पाळीपत्रक, ओव्हरटाइम, पंखे, पाणी किंवा सुपरवायझर यांत बदल झाला, याची नोंद आपण ठेवावी. माझ्या मते आपल्या आकाराच्या कारखान्यात परिणामकारकतेचे हेच सर्वांत भरवशाचे माप आहे.

मार्चमधल्या कराराबद्दल माझा सल्ला असा आहे की तो बंद करू नये आणि आहे तसा पुढेही चालवू नये. एका वर्षासाठी, बदललेल्या अटींवर करावा. कंत्राटी कामगार त्यात यावेत आणि कार्ड त्यांच्या हाती कंत्राटदाराकडून नव्हे, आपल्याकडून पडावे. वापराच्या आकड्यात व्याख्यानाचे श्रोते धरू नयेत. तीन महिन्यांनंतरच्या पाठपुराव्यात किती जण सापडले हा आकडा परिणामाच्या आकड्याशेजारीच छापावा. नावे कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाहीत, आणि समुपदेशकाला खातेनिहाय चौकशीत साक्षीला बोलावले जाणार नाही, असे मालकांच्या सहीने नोटीस बोर्डावर मराठीत आणि हिंदीत लागावे. संस्थेचे पैसे वापराच्या टक्केवारीशी जोडू नयेत, नाहीतर पुढच्या अहवालात कॅन्टीनमधली व्याख्याने वाढलेली दिसतील. खर्चाचा दहावा हिस्सा तिऱ्हाईत मूल्यमापनासाठी बाजूला काढावा. १ लाख ७५ हजारांत तो साडेसतरा हजार होतो, आणि तेवढ्यात तीस माणसांची ती दुपार, एक साधे सर्वेक्षण आणि वर्षाअखेरची नोंदींची जुळणी एवढे नक्की बसते.